खडे मीठ, दहा किलो

वॉशिंग मशिनला हात लागला की मुंग्या यायच्या.
ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, थंडीचं असेल.
एप्रिल महिना होता.

बाबालाल मुजावरनी पत्र्याला टेस्टर टेकवला,
आतला दिवा लागला, मंद, चोरट्यासारखा.
बोर्ड उघडून त्यांनी तिसरी वायर बाहेर ओढली.
हिरवी. दुसरं टोक कशालाच नव्हतं.
"वैनी, ही नुसती शोभंची हाय."
सहा वर्षं ती भिंतीत तशीच होती,
कुणाचाच हात न धरता.

बिल्डरनं रिपोर्टवर सही आणली, मीटर बसला,
आम्ही पेढे वाटले.
खड्ड्याचं कुणी विचारलंच नाही.

पाचगावची जमीन. वर वीतभर माती,
खाली मुरूम, त्याखाली टेकडीचा जुना हट्ट.
भिंतीपासून दीड मीटर सोडून मारलेली पहार
चौथ्या फुटाला टण्ण वाजली.
"अडीच मीटर पाइप आत जायाला पायजे,
चार फुटांत नुसता हुबा ऱ्हाईल, काम करणार न्हाई."
मग दुसरी जागा. तिथंही टण्ण.
तिसरी जागा नेमकी तिथं,
जिथं ह्यांनी गाडीसाठी फरशी ठरवली होती,
अजून न घेतलेल्या गाडीसाठी.
दोन दिवस घरात नुसती भांडी बोलली.

लक्ष्मीपुरीतून मी मीठ आणलं.
"लोणचं लई घालताय?" दुकानदार म्हणाला.
होय म्हटलं, जमिनीचं.
कोळसा इस्त्रीवाल्या गुंडाप्पाकडनं, पोतंभर, उधार.
थर कोळशाचा, थर मिठाचा,
मधोमध भोकं पाडलेला जस्ती पाइप,
त्याच्या तोंडाला नरसाळं.

मीटर लावला. अकरा.
"तहानलीया," मुजावर म्हणाले, "घाला पाणी."
तीन घागरी घातल्या. त्यांची विडी संपेपर्यंत थांबलो.
चार पॉइंट दोन.
"पाचाच्या आत हाय. झालं."

विजेचं शास्त्र त्यांनी काही सांगितलं नाही.
हत्यारं पिशवीत भरताना एवढंच बोलले,
"तिला जमिनीत जायाचं असतंय.
वाट न्हाई दिली, तर माणसातनं काढती."

त्या संध्याकाळी ओल्या हातानं
मशिनचं झाकण उघडलं.
काही झालं नाही.
पुन्हा उघडलं. पुन्हा काही नाही.
एवढ्या पैशांत मिळालं ते हे,
कुणाला बोलावून दाखवताही येत नाही.

आता उन्हाळाभर, दर आठवड्याला
नरसाळ्यात एक बादली ओतते.
शेजारच्या इंगवलेबाई कुंपणावरून विचारतात,
काय लावलंय गं, अजून कोंब कसा नाही?

झाकणाचं सिमेंट ओलं होतं तेव्हा
खिळ्यानं आकडा कोरून ठेवलाय, ४.२.
ह्यांची स्कूटर बरोबर त्यावरच उभी असते.
सकाळी मी ती हातभर सरकवते.
संध्याकाळी परत तिथंच.