पाणी कुठे मुरतंय

तेलाच्या काचेत आज दूध दिसलं.
म्हणजे दूध नाही, कॉफीत साय ढवळावी तसला रंग.
झाकण उघडलं तर आतल्या बाजूला
बोटावर यावा असा पिवळट लोण्याचा गोळा.
टॉडमॉर्डन, जानेवारी. भाड्याच्या गॅरेजात
एकच बल्ब आणि माझ्याच श्वासाची वाफ.

बाबांना व्हिडिओ लावला.
उद्यमनगरात चाळीस वर्षं डिझेल इंजिनं उघडलेला माणूस
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला,
"ताक झालंय की रे तेलाचं.
पण लगेच हेड उचलू नको. कामावर किती लांब जातोस?"
चार मैल.
"मग इंजिन तापतच नसंल. आतल्या आत दव धरत असंल.
आधी ठरव, पाणी आभाळाचं का रेडिएटरचं."

आभाळाचं असावं
असं मी तीन दिवस मनात धरून बसलो.

तेल बदललं, फिल्टर बदलला.
गार इंजिनावर, कूलंटच्या बाटलीला
नेलपॉलिशची रेघ मारली.
(कपाटात मागे राहून गेलेली. रंग डाळिंबी.)
रविवारी निघालो: स्किप्टन, सेटल, रिबलहेडचा पूल,
जिथं मेंढ्यासुद्धा वाऱ्याकडे पाठ करून उभ्या होत्या,
व्हॅनवरचा चहा, आणि परत. नव्वद मैल.
इतक्या तापल्या इंजिनात दव कुठलं टिकायला?
रात्रभर निवू दिलं.
सकाळी पातळी रेघेच्या खाली, अंगठाभर.
काचेत पुन्हा साय.

आता गॅस्केट की पंप?
रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालू केलं: बुडबुडे नाहीत.
सायलेन्सरपाशी नाक नेलं: गोड वास नाही,
पांढरी वाफ थंडीत निघते तेवढीच, मग विरली.
कॉम्प्रेशन दोन्ही सिलिंडरांना सारखं.
बाबा म्हणाले, "हेड वाचलं. पंपाखाली बघ.
एक बारीक भोक असतंय. सील गेलं तर
पाण्यानं तेलात शिरायच्या आधी तिथनं बाहेर पडावं,
माणसाला कळावं, म्हणून ठेवलेलं. ओल आहे तिथं?"

नाही. खडखडीत कोरडं.
टॉर्च धरली, फोन आणखी खाली नेला.
भोकच नव्हतं.
त्या जागी वाळलेला करडा ठिपका
आणि त्यावर अंगठ्याचा ठसा.

गेल्या ऑगस्टात फरशीवर हिरवा डाग पडायचा,
रोज रुपयाएवढा. मिसेस ॲकरॉइडनं दोनदा सुनावलं,
मांजर चाटेल, मरेल, म्हणाली. खरंच होतं तिचं.
मी बॅगेतून एम-सील काढलं,
बाबांनीच निघताना कोंबलेलं, "असू दे, लागतंय",
मळलं, दाबलं. थेंब थांबला.
त्या दिवशी मी स्वतःला केवढा कारागीर समजलो!

"कुणी बुजवलं रे हे?"
मीच.
पलीकडे थोडा वेळ नुसता लेथचा आवाज.
बाबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत.
"आणि मागं भिंतीवर ते दुसरं हेल्मेट कुणाचं?
मागल्या खेपेलापण होतं."
मी म्हणालो, आवाज तुटतोय, नंतर करतो.

सुईनं ठिपका कोरत बसलो, कणाकणानं.
शेवटचा तुकडा सुटला तेव्हा
आत साठलेलं हिरवट पाणी मनगटावरून बाहीत शिरलं,
गार, चिकट.
सील गुरुवारी येईल. बारा पौंड चाळीस.
तेल तीनदा तरी धुवावं लागेल.
तोवर खाली जॅमची रिकामी बरणी,
मांजरासाठी वर गाळणं.
टप्.
बराच वेळाने, टप्.
बुजवायला हात उचलला नाही.

संध्याकाळी परत फोन लावलाय.
तिकडे साडेदहा होऊन गेलेत.
रिंग वाजतेय.