खसखस

डॉक्टर विचारतात, गोचीड दिसली होती का?
दांगुओले म्हणते, दिसली असती
तर इथे कशाला आले असते?

जुलैत पाइनच्या रानात ब्लूबेरी वेचायला गेली,
मोजे पँटवर ओढून. तेवढी अक्कल आहे तिला.
लाल कडं उठलंच नाही.
किंवा उठलं असेल पाठीवर,
आणि पाठ बघणारा माणूस
तीन वर्षांपूर्वीच गेला.

पहिला अहवाल निरंक. फार लवकर केलीत तपासणी, म्हणाले.
दुसऱ्यात सापडलं काही, पण ते जुनंही असेल, म्हणाले.
गुडघा मात्र रोज नव्याने सुजतो.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी
दुधासाठी काळी खसखस भिजत घालायची,
तर ती आधी चिमूटभर
पांढऱ्या बशीत पसरते,
चष्मा लावते
आणि एकेका दाण्याला
पाय आहेत का बघते.