किल्ली

कॉर्डन्स फेरीत बँक दोनदा बुडाली.
एकदा एकतीस साली, रांगेत.
एकदा सदतीस साली, ओहायो नदीत.
दुसऱ्या बुडण्याची रेघ भिंतीवर आहे अजून,
माझ्या हनुवटीइतकी उंच,
कपात चहाची राहते तशी.
पहिलीची नाही.

मी घड्याळं दुरुस्त करतो.
मला बोलावलं ओडेसा पेटिग्रूनं. तिनं ही इमारत
बेकरीसाठी घेतली, एका वापरलेल्या ट्रकच्या किमतीत.

समोर चार खांब.
खाली पुरुषभर ग्रॅनाइट, वर नुसती भाजलेली माती,
ग्रॅनाइटचा रंग चढवलेली, आतून पोकळ.
ज्यानं आराखडा काढला त्याचा हिशेब चोख होता:
माणूस खांबाला हात लावतो तो छातीच्या उंचीवर.
त्याच्या वर तो फक्त मान वर करून बघतो.

दारावर दगडी मधमाश्यांचं पोळं, काटकसरीची खूण.
कोरणारा कुणी इटलीहून आलेला पाथरवट.
गावाला ते पहिल्या दिवसापासून पावासारखं दिसत आलंय.
ओडेसा म्हणाली, पाटीचा खर्च वाचला.

आत पितळी गजांच्या चार खिडक्या.
तिसरीपुढच्या संगमरवरात खळगा आहे,
बाकी तिन्हींहून खोल.
तिथं विल्हेल्मिना ऑट बसायची.
तिला स्लोव्हाक यायचं, जेमतेम, आकड्यांपुरतं.
भट्टीवरची माणसं
शेजारची खिडकी रिकामी असली तरी
हिच्याच रांगेत उभी राहायची,
आपले पैसे आपल्या भाषेत मोजून घ्यायला.

आणि तळघरात ते दार. अकरा टन.
त्याला किल्ली लागत नाही.
किल्ली द्यावी लागते.
दाराच्या आतल्या अंगाला तीन घड्याळं, शेजारी शेजारी.
जितक्या तासांची किल्ली द्याल तितके तास
ते कुणालाच उघडत नाही.
मॅनेजरच्या कानशिलाला पिस्तूल लावा,
तो खरंच सांगेल: माझ्या हातात नाही.

ॲम्ब्रोझ टटलनं हेच वाक्य
ऑक्टोबरातल्या त्या शुक्रवारी पायरीवर उभं राहून सांगितलं.
रांग धक्क्यापर्यंत गेली होती.
माझ्या हातात नाही.
सोमवारी सरकारी माणसं आली, लाखेचं सील लागलं.
गावात अजून कुणी शब्द फिरवला तर
म्हणतात, टटल झाला.

तिसरं घड्याळ उघडलं.
आमच्या धंद्यात एक सवय आहे:
दुरुस्ती केली की मागच्या पत्र्यावर
सुईनं तारीख ओरखडायची, नावाची अक्षरं.
मालकाला दिसत नाही. पुढच्या घड्याळजीला दिसतं.
भिंगाखाली एकेक वाचत गेलो.
तेल घातलं. स्प्रिंग बदलली. पुरानंतर साफ केलं.
आणि यांच्या मध्ये, बारीक, घाईघाईत:

*एल. एच. १५ ऑक्टो. ३१.
तिन्ही पुरी, बहात्तर तास. सांगितलं तसं.
माझे ४१२ आत.*

लुडविक ह्रुश्का.
त्याची लेथ माझ्या दुकानात आहे,
तिच्यावरच मी रोज जेवणाचा डबा ठेवतो.

त्या शुक्रवारचा एक फोटो लायब्ररीत लावलाय.
डावीकडून चौथा, टोपी हातात.
तोही रांगेत.
सगळे दाराकडे बघतायत. त्याला बघायची गरज नाही,
दार रविवारशिवाय उघडणार नाही
हे त्या रांगेत त्याला एकट्याला ठाऊक आहे.
खांबाला टेकून उभा आहे,
जिथं तो अजून ग्रॅनाइटचा आहे.

सगळं ऐकून ओडेसा गप्प राहिली.
मग विचारलं, चारशे बारा म्हणजे तेव्हा किती?
म्हटलं, एक घर. लहानसं.

तिनं पिठाच्या हातानं दार एकदा ढकललं.
हललं नाही.
हे असंच उघडं राहू दे, म्हणाली, बोल्ट काढून टाक.
आत थंड असतं, आंबवण ठेवीन.
दोन घड्याळं तुला घेऊन जा.
तिसऱ्याला रोज रात्री मी किल्ली देईन,
बारा तासांची.
पिठाला तेवढी पुरते.