निळं स्टूल

डॉक्टर तांडेल फोनवर म्हणाले,
नुसते दिवस मोजू नका, ताप मोजा.
गोळी न घेता पुरता एक दिवस ताप नाही,
खोकला उतरणीला,
मग या बाहेर. पण मास्क लावून,
आणि सासऱ्यांपासून अजून थोडं लांबच.

मी दुधाच्या बिलामागे लिहीत गेले:
शंभर पॉइंट चार. नव्व्याण्णव पॉइंट आठ.
एक दिवस काहीच लिहिलं नाही, झोपले होते.

ऐरोली, सेक्टर आठ, मागची खोली.
खिडकीतून समोरच्या बिल्डिंगच्या टाक्या,
टाक्यांच्या मधून बोटभर खाडी,
आणि संध्याकाळी त्या बोटभर खाडीत
कधीकधी गुलाबी काहीतरी हलायचं.
सतरा वर्षं राहते या घरात.
इथून खाडी दिसते हे
तापात कळलं.

दाराबाहेर निळं स्टूल.
त्यावर ताट ठेवून अनंत दोनदा टकटक करायचा
आणि पळायचा,
बेल वाजवून पळणाऱ्या पोरासारखा.
ताट वेगळं हवं म्हणून माळ्यावरून काढलेलं,
आईनं लग्नात दिलेलं.
काठावर कोरलेलं माझं नाव, जुन्या आडनावासकट.
पहिल्या दिवशी खिचडी करपलेली.
तिसऱ्या दिवशी दारापलीकडून, "हिंग कुठाय?"
पाचव्या दिवशी कुणी काही विचारलं नाही.
वरणाची फोडणी बरोबर बसली होती.
मी चाटूनपुसून जेवले
आणि मला जरा रागच आला.

सातव्या दिवशी सकाळी अठ्ठ्याण्णव पॉइंट चार.
दुपारी तेच. रात्री तेच.
आठव्या दिवशी निनादनं दाराला तोंड लावून विचारलं,
"आई, झालं का गं तुझं?"
"घसा अजून खवखवतोय," मी म्हणाले.
खवखवत नव्हता.
पण बोलल्यावर खोकला खरंच आला,
छोटासा, पुराव्यापुरता.

तो एक दिवस मी चोरला.
काही केलं नाही त्यात. नखं कापली.
गुलाबी काही येतं का बघत बसले.
नाही आलं.

नवव्या दिवशी टकटक झाली नाही.
वाट पाहिली, मग मास्क लावला, दार उघडलं.
स्टूल जागेवर नव्हतं.
ओट्याशी सासरे त्यावर बसून
चष्म्याशिवाय मेथी निवडत होते,
देठ पातेल्यात, पानं कागदावर.
मला बघून म्हणाले, "लांब राहा गो, लांब,"
आणि राहिलेल्या जुडीतली अर्धी
लादीवरून माझ्याकडे सरकवली.