चालक जागेवर नाही

रोज सव्वासहाला पडदा उजळला की
पहिली ओळ तीच येते, लाल अक्षरांत:
चालक जागेवर नाही.
खाली दोन चौकोन. रद्द. मान्य.
मी मान्य दाबते,
आणि तीनशे मीटर खाली, धुक्यात,
सदतीस टनांचं जनावर घसा खाकरतं.

मी डोंगरमाथ्यावर, पत्र्याच्या डब्यात.
पायाशी हीटर, हाताशी दोन दांडे,
समोर पाच पडदे, कालच्या चहाचा कप.
मशीन उतारावर, बेचाळीस अंशांच्या,
इथल्या बुलडोझरच्या ड्रमवरून सुटलेल्या
अंगठ्याएवढ्या जाड पोलादी दोराला टांगलेलं.
ताण आकड्यांत दिसतो: अकरा टन, बारा, साडेअकरा.
मशीन टांगलेलं आहे
आणि कुणाचा जीव टांगणीला नाही.
एवढंच काय ते नवीन.

बाबा याच उतारावर सव्वीस वर्षं.
पडलेल्या पाइनच्या पोटाखाली हात घालून,
चिखलात आडवं होऊन साखळी बांधायची,
हुक अडकवायचा, आणि पळायचं.
वरच्या बाजूला. कायम वरच्या बाजूला.
मग कमरेचं बटण: तीन भोंगे, ओढा.
एक भोंगा, थांबा.
घरी आल्यावरही ते दारावर तीनदा ठोकायचे,
आई म्हणायची, ओढा रे याला जेवायला.

एरुएरा काकांच्या वेळी
एक भोंगा उशिरा वाजला.
याहून जास्त आमच्या घरात कुणी बोलत नाही.

नऊ जणांची टोळी होती. आता तिघं.
पेनेहा ट्रक चालवतो, तामाहोऊ किवीच्या बागेत
फळं तोडतो, हंगामापुरता,
भेटला की माझ्या बोटांकडे बघतो,
मऊ आहेत का ते.
नदीच्या तोंडाशी अजूनही, मोठ्या पावसानंतर,
आमच्याच फांद्या येऊन पडतात, किनारा झाकून टाकतात.
ते मोजायला पाचांतला एकही पडदा नाही.

मंगळवारी बाबा आले. तळलेला पाव, काकवी,
आणि काठी, जी ते गाडीतच विसरल्यासारखं करतात.
माझ्या मागे उभे राहिले.
मशीन झाडाला कवेत घेतं, बुंध्यात पातं फिरतं,
आणि झाड पडतच नाही.
ताटातली मिरची बाजूला काढावी
तसं उचलून बाजूला ठेवतं. बावीस सेकंद.
बाबांनी एकदा घड्याळ पाहिलं. पुन्हा पाहिलं नाही.

मग म्हणाले, ते डावीकडचं सोड, कोतिरो.
वाऱ्यानं पिळलेलं आहे. फुटेल.
पडद्यावर सगळं हिरवं होतं.
मी पातं फिरवलं.

फुटलं.
बुंधा उभा चिरला, पडद्यावर आवाज न होता,
आणि आवाज नंतर आला, खिडकीतून, दरीतून,
तोवर सोट उलटा फिरून
केबिनच्या काचेवर आदळला होता,
बरोबर तिथे, जिथे माणसाची छाती असते.

मशीन आपोआप बंद पडलं.
पाचव्या पडद्यावर खुर्ची दिसत होती.
काळी, कारखान्यातून आली तशी, पट्टा गुंडाळलेला.
तिच्यावर काचेचा चुरा, आणि एक पाइनची फांदी,
कुणी जागा धरून ठेवावी तशी.

माझे हात दांड्यांवरून निघेनात.
बाबा म्हणाले, सांगितलं होतं.
मग बऱ्याच वेळानं म्हणाले,
काचेचे किती?
नऊ हजार डॉलर, मी म्हटलं. वर मजुरी.
स्वस्त, ते म्हणाले.
त्यांनी पावाचा तुकडा मोडला आणि
तो हातातच राहिला.

तासाभरानं, वायरी तपासून झाल्यावर,
मी पडदा पुन्हा सुरू केला.
पहिली ओळ तीच आली.
थांब, बाबा म्हणाले. दाबू नकोस.
चष्मा शोधला. वाचलं.
ओठ हलवत, शाळेत वाचायला लावतात तसं,
एकेक शब्द.
मग पुन्हा.
मग कुठं दाबायचं विचारलं,
आणि दोन बोटं कमी असलेला तो हात
पुढे आला.
काकवीचा डाग अजून आहे पडद्यावर,
मान्यच्या चौकोनावर. पुसायचा राहिलाय.