वर जायचे दहा तेत्री

वर जायला दहा तेत्री, खाली यायला फुकट.
आमच्या लिफ्टचा हा नियम,
कुताइसीत आजूबाजूच्या इमारतींतही असाच.
पेटीची किल्ली माझ्याकडे. एकोणीस वर्षं
दर शनिवारी नाणी ओट्यावर ओततो,
दहा-दहाच्या चळती लावतो:
वीज, ग्रीस, आणि उरलंच तर जिन्यातला दिवा.
उरत नाही.

नवव्या मजल्यावरच्या त्सिआलाला
फेब्रुवारीत इटलीहून पत्र आलं.
अकरा वर्षं तिने तिकडे, बारीत,
एका म्हाताऱ्याला न्हाऊ घातलं, भरवलं, कुशीवर वळवलं.
तो गेला, तशी ही एक सूटकेस घेऊन परत आली.
आता वकील लिहितो:
सिन्योर व्हिटांटोनिओ यांनी चौऱ्याऐंशी हजार युरो
आपल्या नावे ठेवले आहेत.

बातमी नऊ मजले खाली आली.
खाली यायला काय लागतं?

त्या आठवड्यात पेटी फुटायची बाकी होती.
जो तो नवव्याला चाललेला.
पुतण्या अमिरान ट्रकची चित्रं घेऊन,
बँकेतली मुलगी गुळगुळीत कागद घेऊन,
पाचव्यावरची लामारा नुसतीच, तोंड गोड करून.
कोणी म्हणे द्राक्षमळा घे, कोणी म्हणे डॉलरमध्ये ठेव,
पाद्रीबाबा घुमटाच्या गळतीबद्दल बोलले
आणि वर छताकडे बघत राहिले.
खोटं कशाला बोलू, मीही गेलो.
लिफ्टची मोटर बदलायला झाली आहे, म्हणालो.
गेलो मात्र पायऱ्यांनी,
म्हणजे हेतू दिसू नये.

मग रात्री लिफ्ट चालू लागली.
एक वाजता, दोन वाजता. वर, खाली, पुन्हा वर.
उठून पाहिलं तर त्सिआला, अंगावर कोट, पायांत सपाता,
मुठीत नाण्यांची पुरचुंडी.

"झोप येत नाही," म्हणाली. "हिशेब लागत नाही.
तुम्ही सगळे म्हणता घबाड.
अहो, ही थकबाकी आहे.
पण कशाची किती, ते कुणी लिहिलेलं नाही.
आई गेली तेव्हा त्याला ताप होता, मी आले नाही,
त्याचे किती?
एतेरीचं लग्न मी फोनच्या काचेत पाहिलं,
केक कापताना चित्र गोठलं,
सुरी हातात, तोंड उघडं, तशीच ती मला आठवते.
त्याचे किती धरू?
की हे नुसते त्याच्या तळपायांचे,
रोज रात्री तेल लावायचे मी?
तसं असेल तर जास्त दिलेत हो."

दार मिटलं. ती वर गेली.

पुढचं मी तुकड्यातुकड्यांत ऐकलं.
खालचे चार दात बसवले.
आईच्या थडग्यावर दगड आला, नाव खोल कोरलेलं.
अमिरानला ट्रक नाही, टायर मिळाले.
घुमट अजून गळतो.
निम्मे पैसे तिने एतेरीच्या खात्यात टाकले
आणि चौथ्या दिवशी ते परत आले,
आकड्यात काडीचा फरक नाही, सोबत शब्द नाही.

त्याच सोमवारी ती माझ्या दारात.
नवी मोटर, आणि बारा वर्षांची वीज, आगाऊ.
नाण्याच्या फटीवर तिने स्वतःच चिकटपट्टी लावली,
नखाने दाबून दाबून,
जखमेवर लावतात तशी.

आता वर जाणंही फुकट.
तरी माणसं आत शिरताना खिसा चाचपतात.
पोरं दिवसभर उगाच वर-खाली करतात.
मी शनिवारी ओटा पुसतो आणि बसून राहतो,
एक किल्ली, तिला उघडायला काही नाही.
आभार मानायचे की रागवायचं
हे माझंही अजून ठरत नाही.

एतेरी येते, महिन्यातून एखाद्या रविवारी.
लिफ्ट समोर उघडी उभी असते,
ती जिन्याकडे वळते.
तिसऱ्यावर, माझ्या दारापाशी, दम खायला थांबते;
दाराआडून तिचा श्वास ऐकू येतो.
मग पुन्हा टाचा वाजू लागतात.
मला मोजायची सवय.
इथून वर एकशे आठ पायऱ्या.