कितवा

सांगलीच्या स्टँडासमोर, चपलांच्या दुकानाच्या माळ्यावर
माझं टायपिंगचं खोकं.
भाडेकरार, लग्नपत्रिका, बेदाण्याच्या सौद्याच्या याद्या,
आणि दर बुधवारी आवटी सरांचे गणिताचे कागद,
इंग्रजीत, पेन्सिलीनं, पाठकोरे.

पहिल्याच पानावर मी चुकले.
एकवीसला एसटी लावली, एकतीसला लावली,
हात चालू होता, अकरालाही लावून मोकळी झाले.
सरांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"शालनबाई, अकराला एसटी नसते.
बारालाही नाही काही, तेरालाही नाही.
ही तिघं टी-एचवर भागवतात."
खाली तेवढ्यात अकराची जत सुटली,
एक माणूस पिशवी छातीशी धरून मागं पळत होता.
मला हसू आवरेना.
सरांना कळलंच नाही कशाचं.

एनचा थाट आणखी वेगळा.
एन तिरका, त्याच्या मागचं टी-एच सरळ.
"तो चल आहे, कुठंही जाईल.
शेपूट व्याकरणाचं. त्यानं जागा सोडायची नाही."
मधे वर स्वल्पविराम टांगायचा नाही,
डोक्यावर बारीक करून बसवायचं नाही,
आणि एन अधिक एक आलं की कंस,
कंसाच्या दारात पुन्हा एसटी,
कारण वाचताना तोंडात शेवटी फर्स्ट येतो.

म्हणजे त्यांच्याकडं पहिला परत परत येतो.
वीस ओलांडा, पहिला. तीस ओलांडा, पहिला.
शंभराच्या पलीकडंही पहिलाच उभा.
आपल्याकडं तो एकदाच.
पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, ही घरातली नावं,
पाचव्यापासून सगळ्यांना एकच वा,
मग एकविसावा येवो की एकशेएकावा,
त्याला कुणी पहिलेपण विचारत नाही.

मी दहावी नापास.
बीजगणिताचा पेपर होता त्या दिवशी आप्पांचा दहावा.
एक वेलांटी आणि एक काना, एवढंच अंतर,
आणि मी घाटावर होते.
कावळा शिवेपर्यंत पेपर संपून गेला.
हे सरांना सांगितलेलं नाही.
पण आकडा टाइप केला की मागं काय लागलंय
ते मी दोनदा बघते.

आषाढात सर एका वाक्यावर अडले.
दिलेलं पद मालिकेत कितवं?
मराठीत लिहून झालं होतं, एका शब्दात.
इंग्रजीत तो शब्दच नाही म्हणाले.
पहिल्याला आहे, हजाराव्याला आहे,
कितव्याला नाही.
खोडलं, लिहिलं, खोडलं,
शेवटी सात शब्दांचा वळसा घालून आले
आणि घरी परतल्यासारखा नव्हता त्यांचा चेहरा.
मला वाटलं, एवढी मोठी भाषा,
आणि कुणाच्या पोराला
तू कितवा रे, असं नीट विचारता येत नाही तिला.

पुढच्या बुधवारी पाऊस धरून होता.
सर आले, पँट गुडघ्यापर्यंत ओली.
खालून चपलवाल्या शिकलगारांनी हाक दिली,
"सर, घाटावर पाणी कितव्या पायरीला?"
सर जिन्यातच थांबले.
"वरून मोजू का खालून?"
खालच्या तर सगळ्या बुडालेल्या.
"वरून धरलं तर चौथी.
पण सगळ्यात वरची, जिथं आपण उभे राहतो,
ती मोजायची का? का ती शून्यावी?"
शिकलगार खोकी उचलून फळीवर ठेवायला लागले.
त्यांचं उत्तर त्यांना मिळालं होतं.

मी शून्यावी टाइप करून बघितलं.
खाली लाल रेघ आली,
पुराच्या खुणेची असते तसली.
तशीच राहू दिली.
सर ओल्या पायांनी विचारत होते,
"झाली का पानं, शालनबाई? कितव्यावर आहात?"